आधी उमेदवारी, मग पेढी

चतुर्थीच्या सणाला पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद येथून गावी येणाऱ्या तरुणांच्या तोंडी अलीकडे एक शब्द सतत ऐकू येतो, आणि तो म्हणजे ‘स्टार्टअप’. पूर्वी मुलाला चांगल्या कंपनीत नोकरी लागली की घरच्यांच्या जिवाला स्वस्थता लाभे. आज नोकरीत वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच ती सोडून स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढण्याचे बेत रचले जातात. आणि त्याच घरात वडीलधारी माणसे सरकारी खात्यातील एखाद्या कारकुनी जागेसाठी वशिल्याच्या शोधात असतात. एकाला साहस हवे, दुसऱ्याला शाश्वती हवी. दोघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. परंतु दोघेही मूळ प्रश्नाला बगल देतात असे आम्हांस वाटते. या मुलाला किंवा मुलीला नेमके काय येते, आणि जे येते त्यासाठी खिशातून पैसे काढून देणारे गिऱ्हाईक कोण, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर हाती नसेल तर कंपनीही तरत नाही आणि नोकरीही फार काळ टिकत नाही.

गोव्यात तंत्रशिक्षणाची आबाळ आहे असे आता म्हणता येणार नाही. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून चालू आहे. २००४ मध्ये झुआरीनगरला बिट्स पिलानीचा परिसर उभा राहिला. २०१० मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ मध्ये आयआयटी आली. एवढ्या लहानशा प्रदेशाला एवढ्या संस्था लाभाव्यात, ही भाग्याची गोष्ट आहे. तरीही येथे शिकलेली पोरे शिक्षण संपताच घाट चढून जातात आणि घरी वर्षातून दोनदा पाहुण्यासारखी येतात. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा एकाच धंद्यावर विसंबलेल्या घरांची काय अवस्था होते हे आपण पाहिले. जमीन न उकरता आणि डोंगर न पोखरता चालणारा धंदा म्हणून सॉफ्टवेअरकडे पाहणे हे स्वाभाविकच आहे. मात्र खाणीचा एक धडा येथेही लागू पडतो. आपण कच्चे खनिज बोटीत भरून पाठविले आणि त्याचे पोलाद दुसऱ्यांनी केले. सॉफ्टवेअरमध्येही आपण नुसते माणसांचे तास मोजून विकत राहिलो, तर तो कच्च्या मालाचाच व्यापार ठरेल.

या तासांचा भाव आता उतरू लागला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि त्यानंतरच्या अल्पावधीत संगणकाकडून प्रोग्राम लिहवून घेणारी साधने घरोघर पोहोचली. नवशिक्या अभियंत्याला पहिली दोन वर्षे जे ठरावीक काम देत असत, त्यातील बराच भाग ही साधने काही मिनिटांत उरकतात. दुसऱ्या टोकाला, देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, टीसीएसने, जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील माणसे होती. म्हणजे नवखेपणा हे जसे संकट आहे, तसे नुसते वय वाढणे हेही संरक्षण राहिलेले नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत एकाच वर्षाचा अनुभव पंधरा वेळा गिरविला असेल, तर त्याला बाजारात कोण विचारणार?

म्हणून पहिली गोष्ट उमेदवारीची. आमच्याकडे सोनार असो, सुतार असो की देवळातला वाजंत्री असो, हाताखाली काही वर्षे काढल्यावाचून कोणी स्वतःचे दुकान मांडीत नसे. सॉफ्टवेअरचे शास्त्र नवे असले तरी हा नियम जुनाच आहे. पहिली नोकरी निवडताना पगाराच्या आकड्याआधी तरुणांनी एवढे विचारावे की, आपले काम तपासणारा मनुष्य कोण असेल आणि त्याच्याकडून आपण काय शिकू? महिना पाच-सात हजार कमी मिळाले तरी चालतील. पण आपला प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून चुका दाखविणारा वरिष्ठ भेटला, तर ते शिक्षण कोणत्याही पदवीहून मोलाचे आहे. ‘सीटीसी’ या नावाने जो वार्षिक आकडा सांगितला जातो, त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, उपदान, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम असे सारे मिसळलेले असते; हाती महिन्याला काय पडेल हे स्पष्ट विचारण्यात संकोच मानू नये. नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, बाँड लिहून द्यावा लागेल काय, हेही सही करण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे.

शिकायचे काय, याविषयी फार गोंधळ आहे. दर सहा महिन्यांनी नव्या नावाचे साधन येते आणि त्याचे वर्ग गल्लोगल्ली निघतात. साधने बदलतात, परंतु पाया बदलत नाही. संगणकाची कार्यप्रणाली कशी चालते, माहिती साठविण्याच्या रचना कोणत्या, डेटाबेस एकाच वेळी हजार माणसांची विचारणा कशी हाताळतो, एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे संदेश कसा जातो, हे ज्याला आतून समजले त्याला नवी भाषा शिकायला चार आठवडे पुरतात. ज्याला ते समजले नाही, त्याला यंत्राने लिहून दिलेला प्रोग्राम बरोबर की चूक हेही कळत नाही. आणि पुढील काळात मोल असणार आहे ते नेमके याच पारखीला.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याने लिहिलेला जुना, किचकट प्रोग्राम दुरुस्त करण्याच्या कामाला आमची मुले नाक मुरडतात. वास्तविक त्यासारखी दुसरी शाळा नाही. आपण घेतलेल्या निर्णयाचे परिणाम दोन वर्षांनी काय होतात हे तेथे राहणाऱ्यालाच दिसते. दर दहा महिन्यांनी नोकरी बदलणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली आज जगभरचे लोक मिळून राखतात, आणि तिचा संपूर्ण मजकूर कोणासही वाचायला खुला आहे. पेडणे किंवा काणकोण येथील एखाद्या घरात बसूनही अशा खुल्या कामात भर घालता येते, आणि त्या कामाचा पुरावा कोणत्याही प्रशस्तिपत्राहून बोलका असतो. त्याच्या जोडीला आपले म्हणणे एका पानात नीट लिहिता यावे. सॉफ्टवेअरचे निम्मे काम माणसांना समजावून सांगण्याचे असते, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयांत कोणी शिकवीत नाही.

आता स्वतःच्या कंपनीविषयी. यशस्वी उद्योजकांच्या कथा आमच्यापर्यंत पोहोचतात त्या शेवटच्या प्रकरणापासून. आधीची प्रकरणे कोणी वाचीत नाही. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सात जणांनी दहा हजार रुपयांवर सुरू केली, हे सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु नारायण मूर्ती तेव्हा चौतीस वर्षांचे होते, अहमदाबाद व पॅरिस येथे त्यांनी काम केलेले होते, सॉफ्ट्रॉनिक्स नावाची त्यांची आधीची कंपनी चालली नव्हती, आणि त्यानंतर पाटणी कंपनीत नोकरी करताना हे सातही जण एकमेकांचे काम जवळून पाहून होते. कंपनीचे समभाग १९९३ मध्ये विक्रीस निघाले, म्हणजे बारा वर्षांनी. आणि तेव्हाही ते पुरते उचलले गेले नव्हते. बारा वर्षे धीर धरण्याची तयारी आमच्यापैकी किती जणांची आहे?

पुण्याच्याच कैलास काटकर यांचे उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. शालेय शिक्षणापलीकडे ते गेले नाहीत. गणकयंत्रे दुरुस्त करता करता ते संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असत. म्हणून संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय करणारे सॉफ्टवेअर लिहिले. त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ जन्मास आले आणि २०१६ मध्ये त्या कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. येथे कल्पना आधी सुचली आणि गिऱ्हाईक मागून शोधले, असे घडले नाही. गिऱ्हाईक आधीच दुकानात उभे होते.

‘रेडबस’ची गोष्टही अशीच आहे. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूहून हैदराबादला घरी जायला फणींद्र सामा यांना बसचे तिकीट मिळाले नाही. त्यांनी व त्यांच्या दोघा मित्रांनी, नोकऱ्या सांभाळून, बसमालकांसाठी सॉफ्टवेअर तयार केले. बसमालकांना त्यात रस वाटला नाही. तेव्हा त्यांनी मालकांना सॉफ्टवेअर विकण्याचा नाद सोडून त्यांची तिकिटेच विकून द्यायला आरंभ केला आणि धंदा लागला. आपला प्रोग्राम उत्तम आहे म्हणून जगाने तो घ्यावा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. बसमालकाला सॉफ्टवेअर नको होते, त्याला रिकामी आसने भरून हवी होती. हा भेद ज्याला कळला त्याला अर्धा व्यापार कळला.

व्यवहाराच्या चार गोष्टी येथे रोखठोक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. नोकरी सोडण्यापूर्वी किमान एक तरी गिऱ्हाईक असे असावे, की जे ओळखीपाळखीचे नाही आणि तरीही पैसे मोजते. ‘कल्पना छान आहे’ असे म्हणणारे शंभर जण भेटतील. आगाऊ रक्कम देणारा एकच भेटला तरी त्याची किंमत शंभरांहून अधिक. घरखर्च दीड वर्ष चालेल एवढी शिल्लक गाठीशी असावी. आणि वडिलांचे कुळागर किंवा राहते घर गहाण टाकून कंपनी काढू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. धंद्यात बुडालेला तरुण दोन वर्षांत पुन्हा उभा राहतो. घर गमावलेले म्हातारे आईबाप पुन्हा उभे राहू शकत नाहीत.

नोकरीत असताना स्वतःचे सॉफ्टवेअर लिहायचे असेल तर ते कंपनीच्या वेळेत आणि कंपनीच्या यंत्रावर कदापि लिहू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीच्या ओघात लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः नोकरी देणारा असतो, आणि संगणकाचा प्रोग्राम हा त्या कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच होय. उलटपक्षी बाहेरच्या मित्राकडून पैसे देऊन प्रोग्राम लिहवून घेतला, तर लेखी हस्तांतरण केल्यावाचून हक्क सहसा त्या मित्राकडेच राहतो. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी गावोगावच्या वाटणीच्या खटल्यांकडे पाहावे. भागीदारांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे की कोणाचा वाटा किती, आणि तो एकदम नव्हे, तर चार वर्षांत हप्त्याहप्त्याने कसा हाती यायचा. असे केले नाही तर सहाव्या महिन्यात निघून गेलेला मित्र दहा वर्षांनी निम्म्या कंपनीचा धनी म्हणून दारात उभा राहतो.

उधारीचाही विचार हवा. लहान उद्योगाने ‘उद्यम’ नोंदणी केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत चुकते करायचे असते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे त्याच्यावर येते. हा हक्क माहीत नसल्यामुळे कित्येक उद्योग नफा दाखवीत असूनही रोख रकमेअभावी बंद पडतात. आमच्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द दिवे लागणीला मिळविल्यावाचून दुकान बंद होत नसे. संगणकावर जगणाऱ्यांनी तरी तेवढी शिस्त पाळायला हरकत कोणती?

आणि आता ज्या गोष्टीने तरुणांचे डोळे दिपतात तिच्याविषयी. गुंतवणूकदाराने अमुक कोटी दिले, ही बातमी वर्तमानपत्रांत विजयवार्ता म्हणून छापली जाते. वस्तुतः ती मालकीचा हिस्सा विकल्याची वार्ता असते. दोघा भागीदारांची प्रत्येकी ५० टक्के मालकी असेल आणि गुंतवणूकदारास २० टक्के दिले, तर प्रत्येकाकडे ४० टक्के उरतात. पुन्हा एकदा तसाच व्यवहार झाला की ३२ टक्के. त्यात पुष्कळदा अशी अट असते की कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदाराने आपली मूळ रक्कम आधी उचलावी. त्याने १० कोटी घातले आणि कंपनी १२ कोटींना विकली गेली, तर उरलेल्या सर्वांच्या वाट्यास दोनच कोटी येतात, मग कागदावर मालकी कितीही असो. हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या धंद्याला आरंभीच मोठे भांडवल लागते, त्याला दुसरा मार्ग नसतो. पण श्रीधर वेंबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, आज ‘झोहो’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराचे भांडवल न घेता, गिऱ्हाइकांच्या पैशावर वाढली. आणि दुसरीकडे ‘बायजूज’ या कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते, तिच्यावर जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मूल्यांकन म्हणजे कमाई नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

जे दुसऱ्याच्या स्टार्टअपमध्ये नोकरी पत्करतात, त्यांनाही सावध करणे आवश्यक आहे. पगार कमी आणि समभागांचे पर्याय अधिक, असा व्यवहार त्यांच्यापुढे मांडला जातो. २०२१ च्या सप्टेंबरात ‘फ्रेशवर्क्स’ अमेरिकेच्या बाजारात नोंदली गेली आणि पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे सांगण्यात आले. ते खरे आहे. परंतु असे पर्याय सहसा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वी नोकरी सोडली तर काहीच मिळत नाही, आणि ते समभाग प्रत्यक्ष घेताना बाजारभाव व आपण दिलेली किंमत यांतील फरक पगार समजून त्यावर कर आकारला जातो, मग ते विकायला गिऱ्हाईक असो वा नसो. म्हणून पगारावर घर चालावे आणि समभागांकडे नशिबाचा भाग म्हणून पाहावे, हाच शहाणपणाचा मार्ग.

गोव्यात करण्याजोगे काही नाही, ही तक्रार आम्हांस मान्य नाही. दहा खोल्यांची हॉटेले चालविणारी कुटुंबे आहेत; त्यांना चार वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची आरक्षणे एका वहीत बसविताना नाकी नऊ येतात. ट्रॉलरमालकांना डिझेल, बर्फ आणि खलाशांचा हिस्सा यांचा हिशेब ठेवावा लागतो. आमच्या देवस्थानांचे महाजन मुंबईपासून परदेशापर्यंत पांगलेले आहेत. त्यांची नोंद, वर्गणी, पूजेची पाळी आणि अभिषेकाच्या पावत्या यांची व्यवस्था अजूनही पुष्कळ ठिकाणी जाडजूड वह्यांत आहे. या कामांना झगमगाट नाही, पण ती खरी आहेत. मात्र त्या त्या व्यवसायातील माणसांत बसल्यावाचून ती साधणार नाहीत. २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ ही ॲपवरील टॅक्सीसेवा आली तेव्हा टॅक्सीमालकांनी तिला केवढा विरोध केला हे सर्वांनी पाहिले. त्या वादात कोणाचे किती चुकले याचा निवाडा येथे करायचा नाही. तंत्र कितीही अचूक असले तरी ज्याच्या पोटाशी त्याचा संबंध येतो तो मनुष्य हिशेबात धरावाच लागतो, एवढाच त्याचा बोध.

सरकारचीही येथे जबाबदारी आहे. केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ योजना आणली, गोव्याने २०१७ मध्ये स्वतःचे स्टार्टअप धोरण केले. अनुदाने, भाड्याची सवलत, समारंभ हे सर्व ठीक आहे. परंतु तरुण उद्योजकाला अनुदानापेक्षा पहिल्या खरेदीची गरज अधिक असते. सरकारी खाती, नगरपालिका आणि महामंडळे यांनी स्थानिक मुलांकडून लहानसहान कामे रीतसर स्पर्धेने विकत घ्यावीत आणि त्यांची बिले मुदतीत चुकती करावीत. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दिवसदिवस बेपत्ता होतात, तेथे सुधारणा करावी. एवढे केले तरी पुष्कळ होईल.

पालकांना आमचे सांगणे असे की, पंचविशीत केलेली कंपनी दोन वर्षांत बंद पडली म्हणून मुलाच्या कपाळी अपयशाचा शिक्का मारू नका. घर शाबूत असेल, देणी चुकती असतील आणि हाती विद्या असेल तर ती दोन वर्षे वाया गेली नाहीत. आणि मुलीने असा बेत केला तर लग्नाचा विषय काढून तिला गप्प करू नका. तरुणांना सांगणे याहून थोडके आहे. कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. गिऱ्हाईक शोधा, त्याचे दुखणे समजून घ्या, त्याच्याकडून रास्त दाम घ्या आणि रोजचा हिशेब रोज लिहा. आपल्या पूर्वजांनी परक्या अमलाखाली, परक्या बंदरांत जाऊन पेढ्या उभारल्या त्या याच रीतीने. घाटापलीकडे गेलेल्यांपैकी काही जण तरी विद्या व अनुभव गाठीस बांधून परत येतील आणि फोंड्यात किंवा म्हापशात आपली पाटी लावतील, तर गावातील पुढच्या पिढीला उमेदवारीसाठी घर सोडावे लागणार नाही.